‘मुद्दाम’ म्हणण्याआधी

पत्राचा आशय : मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. वर्गशिक्षिकेची तक्रार अशी, की तो मुद्दाम दुर्लक्ष करतो. सांगितलेलं अर्धवट करतो, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो, नाव घेऊन दोन-तीनदा हाक मारावी लागते. मधल्या सुट्टीत मारामाऱ्या होतात आणि घरी विचारलं की त्याचं एकच उत्तर असतं, ‘त्यानेच मला मुद्दाम ढकललं.’ पूर्वी शेजारी बसणारे दोन मित्र आता दुसऱ्या बाकावर बसतात. वडिलांचं म्हणणं, ‘आतल्या खोलीत चॉकलेटचा कागद उघडला तरी त्याला ऐकू येतं, म्हणजे तो मुद्दामच ऐकत नाही.’ वर्षभर अधूनमधून सर्दी चालू असते, टीव्हीचा आवाज तो वाढवतो. पण जन्मानंतर कान तपासले होते तेव्हा ते चांगले होते. आई विचारते : कडक व्हावं, तुकडी बदलून घ्यावी, की समुपदेशकाकडे न्यावं? तो इतका हट्टी का झाला?

तुमच्या पत्रात ‘मुद्दाम’ हा शब्द तीन जणांच्या तोंडी आला आहे. बाई म्हणतात, तो मुद्दाम दुर्लक्ष करतो. वडील म्हणतात, मुद्दाम ऐकत नाही. आणि तो स्वतः म्हणतो, मला मुद्दाम ढकललं. तिघांनी पाहिली ती फक्त कृती. तिच्यामागचा हेतू कुणालाच दिसलेला नाही, तो प्रत्येकाने आपापल्या मनाने भरला आहे. म्हणून हट्टीपणाचा प्रश्न सध्या बाजूला ठेवू. त्याच्या आधी वेगळं काही विचारायला हवं : या मुलापर्यंत नेमकं काय पोचतं, आणि जे पोचतं त्याचा तो काय अर्थ लावतो?

डोळे उघडे असले की दिसतं आणि कान असले की ऐकू येतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दिसणं आणि ऐकू येणं या दोन्ही गोष्टी मेंदू शिकतो. भारतातल्या ‘प्रकाश’ या प्रकल्पात जन्मापासून दृष्टी नसलेल्या, पण शस्त्रक्रियेने दिसू शकेल अशा मुलांवर उपचार होतात. त्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच जणांची चाचणी मेंदूसंशोधक पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांच्या हातात एक आकार दिला आणि मग समोरच्या दोन आकारांतून तोच नजरेने ओळखायला सांगितला. डोळे काम करत होते, तरी उत्तरं जवळपास अंदाजपंचेच आली. काही दिवसांनी त्यांच्यातल्या काहींना पुन्हा विचारलं, तेव्हा जमू लागलं होतं. तुमच्या मुलाची गोष्ट इतकी टोकाची नाही, पण तत्त्व तेच आहे. इंद्रियावर काहीतरी आदळणं वेगळं, ते कळणं वेगळं.

आता तो चॉकलेटचा कागद. त्याच्या बाबांचं निरीक्षण खरं असेल, निष्कर्ष मात्र बरोबर नाही. घर शांत आहे. कागदाचा आवाज ओळखीचा आहे आणि मुलगा त्याची वाटच पाहत असतो. तो ऐकायला ‘आवाज झाला’ एवढंच कळावं लागतं. बोललेलं वाक्य समजायला त्यातला प्रत्येक वर्ण शेजारच्या वर्णापासून वेगळा काढावा लागतो. स, श, फ, त हे वर्ण मुळातच हळू आवाजाचे असतात, ते सर्वांत आधी हरवतात. मोठ्या माणसाला गाळलेल्या जागा भरता येतात, कारण त्याच्याकडे शब्दांचा साठा मोठा असतो. आठ वर्षांच्या मुलाकडे तो नसतो. गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता किशोरवयापर्यंत पक्की होत राहते. म्हणूनच वर्गात शिक्षकांचा आवाज मागच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं एकक) वरचढ असावा असं मानतात. भरलेल्या वर्गात तसं क्वचितच होतं. शिवाय अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवरून चार मीटरवर गेलं की १२ डेसिबल गेले. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे घट थोडी कमी होते, पण त्याच प्रतिध्वनीने शब्द एकमेकांत मिसळतात.

तुम्ही सर्दीचा उल्लेख जाता जाता केला आहे. मला तोच पत्रातला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी चिकट द्रव साठून राहतो. दुखत नाही, ताप नसतो, त्यामुळे मूल तक्रार करत नाही. ऐकणं साधारण २५ डेसिबलच्या आसपास कमी होतं, म्हणजे कानात बोटं घालून बसल्यासारखं. त्यातही हे कमी-जास्त होत राहतं. मंगळवारी ऐकू येतं, शुक्रवारी येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे हुबेहूब ‘वाटेल तेव्हा ऐकतो’ असंच दिसतं. जन्मानंतरची तपासणी त्या दिवसापुरती खरी होती, आजचं ती काही सांगत नाही.

तेव्हा पहिलं काम कानाची तपासणी. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, दोन चाचण्या मागा. ऑडिओमेट्रीत ५०० ते ४००० हर्ट्‌झचे आवाज प्रत्येक कानाला वेगवेगळे ऐकवतात. टिम्पॅनोमेट्रीत कानाचा पडदा किती हलतो ते मोजतात, आणि आलेख सपाट आला तर मागे द्रव असण्याची शक्यता मोठी. पालकांची चूक इथे होते : मूल ठणठणीत असताना एकदा तपासतात आणि ‘नॉर्मल’चा कागद फाइलला लावतात. सर्दीच्या दिवसांत किंवा ती ओसरल्यावर आठवडाभरात तपासणी झाली तरच खरं चित्र दिसतं. द्रव सापडला तरी घाबरू नका. बऱ्याच मुलांत तो तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून आधी वाट पाहून पुन्हा तपासतात. प्रतिजैविकांचा यात सहसा उपयोग नसतो, ती आग्रहाने मागू नका. तीन महिन्यांनंतरही द्रव तसाच असेल आणि ऐकणं कमी असेल, तर पडद्यात बारीक नळी बसवायची का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोला. कानातून पू किंवा पाणी आलं, तोल जाऊ लागला किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मागून टाळी वाजवून किंवा चमचा आपटून घरी कान तपासू नका. तो वळेल आणि तुमचा गैरसमज पक्का होईल, कारण ती पुन्हा ‘आवाज झाला का’ एवढीच परीक्षा आहे.

फळ्यावरच्या गाळलेल्या ओळी कानाने समजावता येत नाहीत, त्यांचं वेगळं पाहावं लागेल. फळ्यावरून उतरवणं आपल्याला यांत्रिक वाटतं, पण त्यात वर पाहणं, वाचणं, लक्षात ठेवणं, खाली येणं, लिहिणं आणि पुन्हा वरची नेमकी जागा शोधणं इतकं सगळं असतं. घरी एक साधा प्रयोग करा. त्याच्या इयत्तेचा आठ-दहा ओळींचा उतारा तीन मीटरवर भिंतीला लावा आणि उतरवायला सांगा. दुसऱ्या दिवशी तेवढाच दुसरा उतारा वहीच्या शेजारी ठेवा. दोन्ही वेळा एका नजरेत तो किती अक्षरं उचलतो ते मोजा. शेजारच्या उताऱ्यात चुका जवळपास नाहीशा झाल्या, तर अंतराचा म्हणजे नजरेचा संशय घ्या. दोन्हीकडे सारख्याच राहिल्या आणि तो एकेक अक्षर उचलून लिहीत असेल, तर प्रश्न वाचनाचा किंवा लक्षात ठेवण्याचा आहे.

पहिलं उत्तर आलं काय किंवा दुसरं, डोळे एकदा तपासून घ्याच. प्रत्येक डोळा वेगळा झाकून, आणि शक्यतो थेंब घालून. एक डोळा चांगला असला की तो दुसऱ्याची उणीव झाकतो, आणि दूरदृष्टीचा दोष असलेलं, म्हणजे जवळचं पाहायला त्रास होणारं, मूल भिंतीवरचा तक्ता सहज वाचून जातं. आळशी डोळ्यावरचे, म्हणजे मेंदू ज्याचा वापर टाळतो अशा डोळ्यावरचे, उपचार जितके लवकर तितके चांगले, त्यामुळे हे पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

वाचनाचाच प्रश्न निघाला, तर घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत तो गोंधळतो का ते पाहा. असा गोंधळ म्हणजे बुद्धी कमी असं नाही. मानसशास्त्रज्ञ एलिनॉर गिब्सन आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये चार ते आठ वर्षांच्या मुलांना अक्षरांसारख्या आकृत्या जुळवायला दिल्या होत्या. फिरवलेली किंवा उलटी आकृती लहान मुलांना सारखीच वाटे. आठव्या वर्षापर्यंत त्या चुका बऱ्याच कमी झालेल्या असत. साहजिकच आहे. कप उलटा ठेवला तरी कपच राहतो, हे मूल आधी शिकलेलं असतं. अक्षरांच्या जगात तो नियम मोडतो. असं मूल घ शंभर वेळा गिरवून सुधारत नाही. घ आणि ध शेजारी शेजारी मोठे काढा आणि डोक्यावरची रेघ कुठे जोडलेली आहे, कुठे तुटलेली आहे, हे बोट ठेवून त्यालाच सांगू द्या. फरक त्याच्या तोंडून आला पाहिजे.

आता मधली सुट्टी. ‘त्याने मला मुद्दाम ढकललं’ या वाक्यावर तुम्ही चिडता, पण तो खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. त्याला तसंच दिसत असावं. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलगा कोडं जुळवत असताना दुसऱ्या कुणाकडून ते विस्कटतं. कधी ते उघड खोडसाळपणाने, कधी मदत करताना, आणि कधी हेतू कळणार नाही अशा पद्धतीने. हेतू स्पष्ट असताना मारकुटी आणि शांत मुलं सारखीच वागली. फरक पडला तो संदिग्ध प्रसंगात. मारकुट्या मुलांनी तो हल्लाच समजला. या संशोधनाची दुसरी बाजू पालकांना क्वचितच सांगितली जाते. वर्गातल्या इतर मुलांना विचारलं, तर मारकुटा म्हणून ठरलेल्या मुलाची तशीच संदिग्ध कृती त्यांनाही मुद्दाम केलेली वाटली. म्हणजे तुमच्या मुलाचा चुकून लागलेला धक्काही आता ‘याने मुद्दाम मारलं’ असाच मोजला जात असेल. दोन्हीकडून गाठ घट्ट होते.

ऐकू कमी येत असेल, तर ही गाठ बसायला कारणही तयार आहे. मागून कुणीतरी ‘बाजूला हो’ ओरडलं, ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही, आणि पोचला तो थेट धक्का. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो धक्का काहीही कारण नसताना आला. असंच घडत असेल हे मी ठामपणे म्हणत नाही, पण तपासून पाहण्याजोगं नक्की आहे.

म्हणून ‘तू का मारलंस?’ हा प्रश्न काही आठवडे बंद करा. त्याचं उत्तर नेहमी ‘त्याने आधी...’ असंच येतं. भांडणानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या, मग दहा मिनिटं बसा. काय झालं? तो तुला कुठून येताना दिसला? त्याचं तोंड तुझ्याकडे होतं का? त्याआधी तो काही बोलला का? सगळं सांगून झालं की एकच पुढचा प्रश्न : असं होण्याची आणखी दोन कारणं कोणती असू शकतील? कारणं त्यानेच शोधायची. सुरुवातीला ‘नाही, मुद्दामच!’ म्हणेल, तर वाद न घालता ‘बरं, ते पहिलं कारण. दुसरं?’ एवढंच म्हणा. ‘अरे, तो मुद्दाम नसेल करत’ असं घाईने सांगू नका. काही मुलं खरोखरच मुद्दाम त्रास देतात, आणि तसं असेल तर आईला सांगून उपयोग नाही, एवढंच तो त्यातून शिकेल. दोन-तीन आठवड्यांत एकच नाव, एकच जागा पुन्हा पुन्हा येत असेल, तर हा छळ आहे असं धरून शाळेशी बोला.

आठ वर्षांच्या मुलाला हेतू ही गोष्ट समजत नाही असं मुळीच नाही. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी १९३२ मध्ये मांडलेली कपांची गोष्ट आहे : एका मुलाच्या हातून चुकून १५ कप फुटले, दुसऱ्याच्या हातून चोरून खाऊ काढताना एकच फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं १५ कपांवर बोट ठेवतात, आणि वय वाढतं तशी हेतूकडे वळतात. तुमचा मुलगा निवांत बसून विचारलं तर बरोबर उत्तर देईल. धक्का बसल्याच्या क्षणी ते त्याला सुचत नाही. त्यासाठी सराव घरात, छोट्या गोष्टींवर हवा, आणि तो मोठ्यांनी उघड बोलून करायचा असतो. ‘मी आत्ता तोडून बोलले ना? तुझ्यावर रागावले नव्हते, घाईत होते.’ बाबांच्या हातून काही सांडलं, तर त्यांनीही तसंच म्हणावं. ज्या घरात मुलाला दिवसातून चार वेळा ‘तू मुद्दाम करतोस’ ऐकावं लागतं, तिथे तोही दुसऱ्याचा हेतू असाच झटकन ठरवायला शिकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कडक व्हायचा विचार मला याच कारणाने पटत नाही. मानसशास्त्रज्ञ सेठ पोलाक यांच्या २००२ मधल्या अभ्यासांत, घरी मार सोसलेल्या मुलांना चेहऱ्यावरचा राग इतरांपेक्षा कमी खुणांवरून, लवकर दिसत होता. तुमच्या घरात तसं काही आहे असं मी सुचवत नाही. पण ज्या मुलाला आधीच सगळीकडे वैर दिसतंय, त्याच्याभोवती रागावलेले चेहरे वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. नियम असू द्या, मारण्याचे परिणामही असू द्या, फक्त ते शांत आवाजात सांगा.

बाईंकडे जाताना ‘जरा लक्ष द्या त्याच्याकडे’ अशी विनंती घेऊन जाऊ नका. त्यातून काहीच घडत नाही. शिक्षकांच्या मताचा मुलावर परिणाम होतो का, यावर रोझेंथॉल आणि जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली काही नावं ‘ही मुलं आता झेप घेणार’ असं सांगून शिक्षकांना दिली, आणि खालच्या इयत्तांतल्या त्या मुलांचे गुण जास्त वाढले. पुढच्या अभ्यासांनी हा परिणाम सहसा लहानच असतो असं दाखवलं. १९८४ मधल्या एका आढाव्यात तर असं दिसलं, की शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असतील तर बाहेरून दिलेल्या माहितीने त्यांचं मत फारसं हलत नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ दुहेरी आहे. बाईंच्या मतामुळे तुमचा मुलगा बिघडला, असं मानायला आधार नाही. आणि ‘तो चांगला मुलगा आहे हो’ असं सांगून त्यांचं मत बदलेल, ही आशाही फोल आहे. त्यांना विशेषण नको, नोंदी मागा. दोन आठवडे, दिवसाला एकच प्रसंग पुरे : वेळ, वर्गात गोंगाट किती होता, काय सांगितलं होतं, तेव्हा तो कुठे पाहत होता, मग त्याने काय केलं. तुम्ही घरी तशीच वही ठेवा. सूचना मिळाल्यावर तो आधी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो का, हे बाईंना आवर्जून विचारा. ऐकू न आलेली मुलं तसंच करतात, आणि त्यालाही ‘लक्ष नाही’ असंच नाव पडतं.

तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबायचं कारण नाही असे बदल : दुसऱ्या रांगेत, खिडकी-दारापासून लांब जागा, जिथून बाईंचा चेहरा आणि इतर मुलंही दिसतील. एक कान कमी असेल, तर चांगला कान बाईंकडे. आधी नाव, तो वळेपर्यंत थांबणं, मग एकच सूचना; ‘कळलं का?’ ऐवजी ‘काय करायचं सांग बरं’. फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्याच्यासाठी जवळपास वाया जातं.

मित्रांच्या बाबतीत घाई करू नका. मुलाचं वागणं आधी सुधारतं, वर्गातलं नाव नंतर. त्या दोघांपैकी एकालाच, दोघांना एकदम नाही, तासाभरासाठी घरी बोलवा, आणि हरजीत नसलेलं काम द्या, काहीतरी जोडायचं किंवा बांधायचं. शांत खोलीत, एकाच माणसाचं बोलणं ऐकताना तो कसा वागतो, हे तुम्हालाही पाहायला मिळेल. तुकडी बदलण्याचा निर्णय निदान तीन महिने पुढे ढकला. नव्या तुकडीत जुनं नाव पुसलं जाईल हे खरं, पण कानाचं दुखणं तसंच असेल तर नवं नावही तेच पडेल. सात-आठ वर्षांची मुलं स्वतःची इतरांशी तुलना करू लागतात, आणि दोन तुकड्यांत नाकारलं गेल्याची बेरीज ते मूल स्वतःच्या खात्यात मांडतं.

समुपदेशकाकडे जायचंच नाही असं नाही, क्रम तेवढा नंतरचा. कान-डोळे व्यवस्थित निघाले, दोन्ही वह्यांत शांत खोलीतही तोच विसरभोळेपणा दिसला, आणि तो घरी व शाळेत, निदान सहा महिने टिकून असेल, तर लक्ष देण्यातल्या अडचणीचं मूल्यमापन बालमानसतज्ज्ञांकडून करून घ्या. वाचन अडखळत असेल तर अध्ययन अक्षमतेचंही.

त्याच्या बाबांसाठी एक काम. टीव्ही रोजच्याइतक्या आवाजात लावून ठेवा. मुलाच्या मागे तीन मीटरवर उभं राहून, नेहमीच्या आवाजात, एकेक शब्द म्हणा आणि तो त्याला परत म्हणायला सांगा : ताप, साप, माप, शाप, चाप, असे दहा. मग टीव्ही बंद करून, समोर बसून, तेच शब्द वेगळ्या क्रमाने. हे निदान नव्हे, पण चॉकलेटच्या कागदापेक्षा यातून जास्त कळेल. चुकला तर त्याला दुरुस्त करू नका. त्याने जे म्हटलं ते जसंच्या तसं लिहून ठेवा आणि तो कागद तपासणीला जाताना सोबत न्या.